स्विस अल्बिनो उंदीर वॉटर मेझमध्ये नुसते तरंगतात, काय चुकतंय?

जुईनगर_फार्मा
नवी मुंबईतल्या फार्मसी कॉलेजात मॉरिस वॉटर मेझ लावलाय, म्हणजे पाण्याखाली लपवलेला प्लॅटफॉर्म उंदराने भिंतीवरच्या खुणांवरून शोधायचा, अशी स्मरणशक्तीची चाचणी. टाकीचा व्यास 120 सेंमी, पाणी 30 सेंमी, 10 सेंमीचा प्लॅटफॉर्म पाण्याखाली 1 सेंमी. पाणी दूध पावडरीने पांढरं केलंय. रोज 60 सेकंदांच्या 4 ट्रायल. पाचव्या दिवशीही कंट्रोल गटातले (औषध न दिलेले) उंदीर कडेकडेने फिरतात, नाहीतर हातपाय न हलवता तरंगतात. जुलैत पाणी 27-28 अंशांखाली उतरत नाही. पुढे स्कोपोलामाइनचा (स्मरणशक्ती बिघडवणारं औषध) गट आहे, 1 मिग्रॅ/किलो, पोटात इंजेक्शनने.

ठाणे_न्यूरो
आधी पाणी. कोमट पाण्यातून बाहेर पडायची उंदराला घाईच नसते. 21-22 अंश ठेवा. तुमच्या टाकीत सुमारे 340 लिटर पाणी आहे. ते 27 वरून 22 वर आणायला साधारण 17 किलो बर्फ लागेल, म्हणून आदल्या संध्याकाळीच टाकी भरा, रात्रभर एसी चालू ठेवा आणि उरलेल्या एक-दोन अंशांपुरता बर्फ घाला. तो पूर्ण वितळल्यावर ढवळून मगच तापमान बघा. मात्र थंड पाण्यात चार ट्रायल सलग घेतल्या तर उंदीर गारठतो आणि पुन्हा तरंगायला लागतो. मध्ये 15 मिनिटं तरी जाऊ द्या, टॉवेलने टिपून उबदार पिंजऱ्यात ठेवा.

दूध पावडर बंदच करा. आपल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी वास मारते. शिवाय पांढऱ्या पाण्यात पांढरा उंदीर कॅमेऱ्याला दिसणार कसा? बिनविषारी काळा टेम्परा रंग घाला, प्लॅटफॉर्मही काळा करा.

खारघर_वर्तन
माझी खरी शंका डोळ्यांवर आहे. अल्बिनो उंदरांची नजर मुळातच अधू, त्यात स्विस वंशाच्या काही वसाहतींत पीडीई6बी जनुकातला आरडी1 दोष असतो. त्यात डोळ्यातला पडदा (रेटिना) लहानपणीच झिजतो. अशा उंदराला भिंतीवरच्या खुणा दिसतच नाहीत, तो कडेनेच पोहणार. पुरवठादाराकडे या जनुकाबद्दल विचारा. शक्य असेल तर सी57बीएल/6 हा काळ्या उंदरांचा वंश घ्या.

दृश्य प्लॅटफॉर्मची ट्रायल घ्याच: प्लॅटफॉर्म पाण्याच्या वर, त्यावर झेंडा, भोवती पडदा, दर ट्रायलला जागा बदललेली. इथे जो अडतो त्याच्या स्मरणशक्तीबद्दल काहीही बोलता येत नाही. स्कोपोलामाइनने बाहुल्या विस्फारतात, त्यामुळे त्या गटात तर ही ट्रायल टाळूच नका.

जुईनगर_फार्मा
वेळ मोजू की अंतर?

ठाणे_न्यूरो
दोन्ही, आणि वेगही. तरंगणाऱ्याची वेळ उगाच वाढते, अंतर वाढत नाही. प्लॅटफॉर्म सापडला नाही तर हाताने तिकडे न्या, 15 सेकंद वर बसू द्या. पाण्यात सोडताना तोंड भिंतीकडे. प्रोब, म्हणजे जागा लक्षात आहे का ते बघणारी शेवटची चाचणी, शेवटच्या ट्रायलनंतर 24 तासांनी, प्लॅटफॉर्म काढून, त्याच्या समोरच्या चतुर्थांशातून सोडून. नुसत्या योगायोगानेही प्लॅटफॉर्म होता त्या चतुर्थांशात 25 टक्के वेळ जातो, तुलना त्याच्याशी. आणि खिडकी काळ्या कागदाने झाका; ढग आला-गेला की खोलीतला उजेड बदलतो आणि उंदराच्या खुणाही.

खारघर_वर्तन
नोंद करणाऱ्यानेही रोज एकाच जागी उभं राहायचं. उंदीर त्यालाही खूण धरतो.