भरडले जातात ते बाकीचे खेळ

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांत टीव्हीचा पैसा वाढला की सगळ्याच खेळांचं भलं होतं, असं म्हणतात; मला ते पटत नाही. पॅक-१२ ही पश्चिमेकडच्या कॉलेजांची स्पर्धा-संघटना मोडली ती अमेरिकन फुटबॉलच्या पैशापायी, फरफट मात्र इतरांची झाली. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठं २०२४ मध्ये पार अटलांटिककडच्या एसीसी या संघटनेत गेली, तेही पहिली सात वर्षं टीव्हीच्या वाट्यातले जेमतेम ३० टक्के घ्यायचं कबूल करून. त्यांच्यासोबत गेलेल्या डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर नऊ वर्षं त्या वाट्यावर पाणीच सोडलं!

आमच्या शेजारची मुलगी अशाच एका कॉलेजात व्हॉलीबॉल खेळते. लांबचा सामना खेळून पहाटे तीनला विमानतळावर उतरते, नी-पॅड बॅगेला लटकलेले, आणि आठला केमिस्ट्रीची लॅब. तिच्या आईचा जीव नुसता टांगणीला लागलेला असतो.