फायर पंप सुरू होतानाच एमसीसीबी (मोठा सर्किट ब्रेकर) ट्रिप होतो

प्रश्न: हायड्रंट पंप ४५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, डीओएल स्टार्टर (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा). मेन पॅनेलच्या आउटगोइंगवर १०० अँपिअरचा एमसीसीबी, मॅग्नेटिक सेटिंग (ज्या करंटला ब्रेकर क्षणात उडतो) ५ पट. मोठा बसवू का?

उत्तर १: फुल लोड करंट साधारण ८० अँपिअर, सुरू होताना सहापट म्हणजे ४८०, पहिल्या क्षणीचा झटका त्याहूनही वर. तुमची सेटिंग ५००, मग उडणारच. पण मुळात इथे ओव्हरलोड ट्रिप नकोच, फक्त शॉर्ट सर्किटचं संरक्षण ठेवा. आगीत मोटर जळाली तरी चालेल, पाणी थांबता कामा नये. शिवाय पंपाचा फीडर (वीज पुरवणारी लाइन) मेन ब्रेकरच्या आधी घ्या. आग लागली की लोक आधी मेनच पाडतात, मग पंपही गेला!

उत्तर २: जनरेटरवरही चाचणी घ्या. एनएफपीए २० (फायर पंपांचं अमेरिकी मानक) प्रमाणे सुरू होताना कंट्रोलरपाशी व्होल्टेज १५ टक्क्यांपेक्षा जास्त पडू नये. जास्त पडलं तर कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) खडखडतो, सुटतो.

प्रश्नकर्ता: केबल बाकीच्यांसोबत एकाच ट्रेवर आहे. चालेल?

उत्तर १: नाही. अग्निरोधक केबल, वेगळा मार्ग. साधी पीव्हीसी आगीत लवकर शॉर्ट होते.