महागडी ॲकॉस्टिक गिटार: घेतलीत? पस्तावलात? अनुभव सांगा

सहावी_तार (धागाकर्ता, ठाणे)

नमस्कार मंडळी. सल्ला नकोय, अनुभव हवेत. सल्ले घरी फुकट मिळताहेत.

१९९६ साली, अकरावीत असताना, दादरला नऊशे रुपयांत कोलकात्याची गिटार घेतली. तारा पट्टीपासून इतक्या वर की खालून उंदराचं पिल्लू आरामात गेलं असतं. एफ कॉर्ड स्वच्छ वाजेपर्यंत अर्धं कॉलेज संपलं. मग नोकरी, लग्न, घराचे हप्ते. २०१५ ला यामाहा एफ३१० घेतली, ती आजतागायत. रात्री जेवण झालं की अर्धा-पाऊण तास वाजवतो. स्टेजवर कधी गेलो नाही, जाणारही नाही.

गेल्या महिन्यात मुलीला युकुलेले घ्यायला दुकानात गेलो. वरच्या रांगेत मार्टिन या अमेरिकन कंपनीची डी-२८ टांगलेली. विक्रेत्या पोरानं न विचारताच काढून हातात दिली. मी नुसती जी कॉर्ड छेडली, ती कानाआधी बरगडीला कळली. किंमत सव्वातीन लाख. चाळीस मिनिटं वाजवत बसलो. मुलगी केव्हाच युकुलेलेचा डबा घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली होती.

घरी येऊन यामाहा घेतली, म्हटलं आता ही डबा वाटणार. नाही वाटली. घोळ तिथंच झाला.

तर ज्यांनी असा खर्च केलाय, किंवा करता करता थांबलात, त्यांनी लिहा. दुकानात ऐकलेला फरक घरी, रोज, दोन वर्षांनंतरही ऐकू येतो का?

टपोरी_कॉर्ड

सव्वातीन लाखांत तीन स्कूटर येतात.

सहावी_तार

स्कूटरवर डी मायनर वाजत नाही.

बर्फात_कोकणी (न्यू जर्सी)

मी घेतली. डी-२८ नाही, डी-१८. म्हणजे टॉप (समोरची फळी) तोच स्प्रूसचा, पण पाठ आणि बाजू महॉगनीच्या. माझ्या घरापासून पेनसिल्वेनियातलं नॅझरेथ दीड तासावर. मार्टिनचा कारखाना तिथं आहे, कंपनी १८३३ पासूनची. कारखाना बघायला मिळतो, शेजारी संग्रहालय आहे, आणि भारी भारी गिटारी काढून वाजवून बघायची सोय आहे. नवऱ्याला सांगितलं होतं फक्त बघायला चाललेय.

बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण माझ्या डोक्यात बसलं ते टॉपच्या आतलं काम. स्प्रूसची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड. तिच्यावर सहा तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण. ती फाटू नये म्हणून आतून पट्ट्या लावतात, फुलीच्या आकारात. पट्ट्या जाड ठेवल्या तर गिटार शंभर वर्षं टिकेल पण बोलणार नाही. तासून बारीक केल्या तर बोलेल, पण पोट काढेल. महाग गिटारीत पैसे या कडेवर चालण्याचे असतात, असं मला वाटतं. स्वस्तातल्या गिटारीला तसं चालता येत नाही, कारण ती दुकानातून वॉरंटीत परत आलेली परवडत नाही.

आता रडगाणं. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या गिटारीच्या टॉपला चीर गेली. चूक शंभर टक्के माझी. इथं जानेवारीत हीटर चालू असला की घरातली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते आणि अशा गिटारीला ४५ ते ५५ लागते. लाकूड आक्रसतं. आधी फ्रेटची (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येऊन बोटांना टोचायला लागली. मी म्हटलं बोटं नाजूक झाली असतील. तीन आठवड्यांनी ब्रिजखाली (तारा जिथं अडकवतात त्या लाकडी पट्टीखाली) केसासारखी रेघ दिसली. दुरुस्तीवाल्यानं आतून लाकडाचे छोटे तुकडे चिकटवून बुजवली, चांगली वाजते, पण माझी नजर अजून आधी तिथंच जाते.

फरक ऐकू येतो का? चार वर्षं झाली. रोज नाही येत. महिनाभर भारतात जाऊन भावाच्या गिटारीवर वाजवून परत आले की पहिले दहा मिनिटं येतो. तेवढी दहा मिनिटं मात्र काय विचारू नका.

विकून_मोकळा

टेलर कंपनीची घेतली होती, कॅलिफोर्नियात बनलेली, वरच्या श्रेणीतली. दोन वर्षांत विकली. घरी पाहुणे आले की कपाटात ठेवायचो, पोरांनी हात लावला की ओरडायचो. साठ टक्के पैसे परत मिळाले. उरलेले चाळीस टक्के ट्यूशन फी समजतो. आता पंधरा हजारांची आहे, सोफ्यावर पडलेली असते आणि जास्त वाजते.

सरगम_बाई (पुणे)

मी वीस वर्षं मुलांना गिटार शिकवते. धागाकर्त्याला सल्ला नकोय, म्हणून माझाच एक किस्सा.

एक गृहस्थ, निवृत्त, पासष्टीचे. सहा महिने शिकले आणि म्हणाले, बाई, माझी बोटं आता साथ देत नाहीत, एक लाखाची गिटार घेतो म्हणजे सोपं जाईल. मी म्हटलं आधी तुमचीच माझ्याकडे ठेवून जा. बाराव्या फ्रेटवर तार आणि पट्टी यांच्यात साडेचार मिलिमीटर अंतर होतं. अडीच पुरतं. ओळखीच्या कारागिराकडे दिली, त्यानं नटच्या (वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा खोल केल्या, सॅडल (ब्रिजवरची पट्टी) खालून घासलं, गळ्यातला ट्रस रॉड (बाक सांभाळणारी सळी) अर्धा फेरा फिरवला, बारीक तारा लावल्या. तारांसकट दोन हजारांच्या आत काम झालं. आजोबा बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबायच्या त्या) धरायला लागले. लाख वाचले म्हणून आमच्या क्लासला बर्फी आली.

स्वस्त गिटारीला आपण शिव्या घालतो ना, त्यातल्या अर्ध्या खरं तर तिच्या सेटअपला घालायच्या असतात. महाग गिटारीत तो सेटअप कुणीतरी माणसानं बसून केलेला असतो, त्याचेही पैसे त्यात आहेत. आणि तारा! दुकानात नव्या असतात. तुमच्या यामाहाच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या होत्या?

सहावी_तार

बाई, लाज वाटते सांगायला. कोविडच्या आधी.

सरगम_बाई

मग तुम्ही दुकानात गिटारींची तुलना केलीच नाहीत. तारांची केलीत.

चष्मा_काळा (बंगळूर)

मी इंजिनिअर, त्यामुळे घेण्याआधी वाचत बसलो आणि घेणं राहून गेलं. इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या, सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं: ब्राझिलियन रोझवुड, भारतीय रोझवुड, महॉगनी, मेपल, सापेली, अक्रोड. ५२ वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल घालून वाजवायला दिल्या. सगळ्या गिटारींना जवळपास सारखेच गुण पडले. सर्वांत दुर्मीळ लाकडालाही काही खास मिळालं नाही.

पण यावरून 'सगळ्या गिटारी सारख्याच' म्हणणारे वाचायला चुकतात. सहाही गिटारी उत्तम कारागिराच्याच होत्या आणि टॉप सारखे होते. प्रयोग सांगतो ते एवढंच की पाठीच्या लाकडाच्या नावाला जादा पैसे मोजताना कानावर भिस्त ठेवू नका. टेलरवाल्या बॉब टेलरनं तर १९९५ मध्ये माल ठेवायच्या मोडक्या लाकडी पॅलेटची गिटार करून प्रदर्शनात ठेवली होती.

माझ्याकडे अजून कॉलेजचीच आहे.

देवगडचा_वारा

यावरून आठवलं. हे भारतीय रोझवुड म्हणजे आपली शिसव. आजोबांच्या पलंगाची, देव्हाऱ्याची. ब्राझीलचं रोझवुड मिळेनासं झालं म्हणून मार्टिननं १९६९ मध्ये आपल्याकडच्या शिसवीवर उडी मारली, तेव्हापासून डी-२८ ची पाठ शिसवीची. पुढे २०१७ पासून रोझवुडची सगळी वाणं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांत आली, तर गिटार देशाबाहेर विकायला पाठवायची म्हणजे कागदपत्रं. २०१९ च्या शेवटी, ब्राझिलियन रोझवुड सोडून, तयार वाद्यांना सूट मिळाली. म्हणजे सह्याद्रीतलं लाकूड अमेरिकेला जाऊन पॉलिश होऊन येतं आणि आपण त्यावर कस्टम ड्यूटी भरतो. आमच्या माळ्यावर शिसवीचं मोडकं कपाट पडलंय, कुणाला गिटार करायची असेल तर सांगा.

अनुभव म्हणाल तर माझा उलटा. चांगली सॉलिड लाकडाची (प्लायची नव्हे, अख्ख्या फळीची) गिटार गावी नेली जुलैत. आठ दिवसांत टॉप फुगला, तारा वर गेल्या, गळ्यापाशी वाजवणं अवघड. मुंबईकरांनो, पावसाळ्यात आपल्या घरात ८५-९० टक्के दमटपणा असतो. प्लायच्या गिटारीला त्याचं काही नाही, ती बेशरमासारखी उगवते. दिवाळीनंतर माझी आपोआप बरीचशी बसली, पण ब्रिज मागच्या बाजूनं किंचित उचलला गेला तो गेलाच.

जवारी (मिरज)

गिटारीतलं मला फार कळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्या घरात तंबोरे होतात, चौथी पिढी. गिऱ्हाईक येतं आणि पहिल्यांदा बघतं काय, तर नक्षी. हस्तिदंती दिसणारी वेलबुट्टी, मोर, पानं. त्याला आमची दोन आठवड्यांची मेहनत लागते आणि किंमत तिथं चढते. आवाज तिथं नसतोय. आवाज भोपळ्यात हाय, तुणाच्या लाकडात हाय आणि घोडीवरच्या जवारीत हाय, म्हणजे तार जिथं टेकून झणझणते तो घासून काढलेला माथा. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात. माझे वडील शंभरांतले पाच निवडायचे, बोटानं टिचकी मारून. गवई आला की तो नक्षीकडं बघायचाच नाही, डोळे मिटून षड्ज लावून बसायचा.

धागाकर्ते साहेब, तुम्ही चाळीस मिनिटं बसलात म्हणजे त्यातलेच. पण एक सांगतो, जवारी वर्ष-दोन वर्षांत पुन्हा काढावी लागते. तारेनं घोडीवर खाच पडते. लाखाचा तंबोरा घेऊन जाणारी माणसं जवारीचे पैसे द्यायला कुरकुरतात. दहा वर्षांनी तंबोरा परत येतो, आवाज बसलेला, वर म्हणणार, तुमचा माल पूर्वीसारखा राहिला नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. तेव्हापासून चौकशा वाढल्यात. टिचकी मारणारे वाढले नाहीत.

बर्फात_कोकणी

जवारी दादा, नक्षीचं अगदी खरं. मार्टिनचीच डी-४५ बघा. शिसव तीच, स्प्रूस तोच, कडेनं शिंपल्याची चमचम आणि किंमत कितीतरी पट. मी हातात घेतली, परत ठेवली, हात पुसले.

घुमट_आनी_गिटार (म्हापसा / मुंबई)

लग्नात वाजवतो, पंचवीस वर्षं. मांडो ते हिंदी, सांगाल ते. ऐका, हॉलमध्ये पिकअप (गिटारीचा आवाज वायरीनं पुढं नेणारं यंत्र) लावून स्पीकरमधून आवाज गेला की तुमची तीन लाखांची आणि माझी अठरा हजारांची बहिणी-बहिणी. कॅटररचा पोरगा ट्रे घेऊन धडकतो, नवरीचा मामा दोन पेग घेऊन 'दे रे, मी पण वाजवतो' म्हणतो. अशा ठिकाणी महाग गिटार नेणं म्हणजे पांढरी पँट घालून चिखलकाल्याला जाणं.

एकदा हौसेनं भारी गिटार विमानानं नेली. मऊ पिशवीत होती, केबिनमध्ये घेऊ दिली नाही, खाली सामानात टाकली. उतरल्यावर बघतो तर डोकं मानेपासून तुटलेलं, तारांवर लोंबतंय. आता कडक पेटीशिवाय घराबाहेर नेत नाही.

पण घरी एक आहे. सत्तर सालची, बापाची. कुठल्या कंपनीची तेही दिसत नाही, लेबल झिजलं. रविवारी चर्चवरून आलं की व्हरांड्यात तीच. किती पैशांची म्हणून विचारू नका, मला राग येतो.

टपोरी_कॉर्ड

स्कूटरवाला शब्द मागे.

सहावी_तार

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

सरगम बाईंचं ऐकून आधी यामाहाचा सेटअप केला आणि तारा बदलल्या. कारागिरानं आत बॅटरी मारून दाखवलं, धुळीचे गोळे आणि एक पंचवीस पैशांचं नाणं. मग ती गिटार घेऊन परत दुकानात गेलो. मुलीला म्हटलं, मी भिंतीकडे तोंड करतो, तू पाळीपाळीनं वाजव. तिला युकुलेलेमुळे चार कॉर्ड येतात आता. तीन गिटारी: माझी यामाहा, डी-२८, आणि पाऊण लाखाची एक, सगळं लाकूड सॉलिड पण नाव फारसं न ऐकलेलं.

यामाहा मी दर वेळी ओळखली. पाठमोरा, डोळे मिटून, एकदाही चुकलो नाही. राहिलेल्या दोघींत दहापैकी चार वेळा पाऊण लाखवालीला मार्टिन म्हणालो. मुलगी हसायला लागली तेव्हा कळलं. विक्रेता पोरगा गप्प, पण तोही हसत होता.

मग स्वतः वाजवून बघितल्या. तिथं मात्र डी-२८ परत बरगडीत शिरली. ऐकणाऱ्याला कळेना, वाजवणाऱ्याला कळतंय. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मग ऐकायचं आम्हाला असतं ना?"

घेतली काहीच नाही. येताना दोनशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं. बेडरूममध्ये ८८. देवगडच्या वाऱ्यानं लिहिलेलं डोळ्यांसमोर आलं. यामाहा आता मुलीनं ताब्यात घेतलीय, युकुलेले लहान वाटतो म्हणे, त्यामुळे माझ्याकडे सध्या गिटारच नाही. पाऊण लाखवाली दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की परत जाऊन बघेन. डी-२८ त्याच भिंतीवर आहे, तिच्याकडे बघणार नाही असं म्हणत नाही.

तूर्तास घरात डिह्युमिडिफायर आलाय. त्याला कुणाचा विरोध झाला नाही, कपडे वाळतात.