डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी छोटी विशेष शाळा योग्य ठरेल का?

प्रश्न (एक पालक):

माझा मुलगा नऊ वर्षांचा असून त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे समज चांगली असूनही अक्षरे आणि शब्द वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण, असल्याचे गेल्या वर्षी मूल्यमापनातून स्पष्ट झाले. त्याच्या सध्याच्या वर्गात चाळीसहून अधिक मुले आहेत. बाई मनापासून शिकवतात, परंतु त्याच्या वाट्याला दिवसाकाठी पाच मिनिटेही येत नाहीत. धडा वाचून दाखवला तर तो सगळा तोंडी सांगतो, मात्र स्वतः वाचू लागला की पहिल्या अक्षरावरून उरलेल्या शब्दाचा अंदाज बांधतो. ‘घर’चे ‘धर’ होते, आणि जोडाक्षर दिसले की त्याला तहान लागते. एका छोट्या विशेष शाळेत, जिथे एका वर्गात सातच मुले आहेत, त्याला प्रवेश मिळू शकतो. तिथे तो इतर मुलांपासून तुटेल का, आणि पुढे नेहमीच्या शाळेत परतता येईल का, या दोन शंकांमुळे निर्णय होत नाही.

उत्तर १ (विशेष शिक्षिका):

आपण केलेले वर्णन सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका नोंदीशी जुळते. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली, तो खेळात चपळ आणि गणितात बरा होता, पण ‘पर्सी’ हे स्वतःचे नाव ‘प्रेसी’ असे लिहून बसे. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. पुढे अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षणतज्ज्ञ यांच्या कामातून १९३०च्या दशकात अशा मुलांसाठी एक शिस्तबद्ध पद्धत उभी राहिली. तिच्यात ध्वनी आणि अक्षर यांचे नाते ठरलेल्या क्रमाने, डोळे, कान आणि हात यांचा एकत्र वापर करून शिकवले जाते, व आधीचा टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा घेतला जात नाही.

म्हणून सात हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. त्या सातांपैकी एकाला वाचनाची, दुसऱ्याला गणिताची आणि तिसऱ्याला एकाग्रतेची अडचण असेल, तर शिक्षकाची ओढाताण तिथेही होते. वाचनासाठी मुलांचे गट वयावरून पाडतात की पातळीवरून, हे जरूर विचारावे. त्याहून उत्तम म्हणजे परवानगी घेऊन वाचनाच्या तासाला मागे बसावे आणि मूल चुकल्यावर शिक्षक काय करतात ते पाहावे: ते शब्द सांगून मोकळे होतात, की मुलाला पुन्हा अक्षरापाशी नेतात?

उत्तर २ (मुलगी अशा शाळेतून परतलेली आई):

माझी मुलगी अशा शाळेत अडीच वर्षे होती. पहिला बदल वाचनात दिसला नाही. सकाळी शाळेच्या वेळेला होणाऱ्या उलट्या थांबल्या, आणि वाचन त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी सुटे झाले. मैत्रिणींची काळजी मलाही होती, पण संध्याकाळचे खेळणे जुन्याच मैत्रिणींबरोबर चालू ठेवल्याने फारसे अडले नाही.

परतणे मात्र सोपे गेले नाही. छोट्या शाळेत सगळा जोर भाषेवर असल्याने विज्ञान मागे पडले होते, आणि हे आम्हाला कुणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. शिवाय परीक्षेतील जादा वेळ आणि लेखनिक या सवलतींची कागदपत्रे आम्ही नेहमीच्या शाळेतील प्रवेशानंतर जमवू लागलो, त्यामुळे पहिली सहामाही तिने सवलतींशिवाय काढली. आपण तसे करू नये.

उत्तर ३:

मला वेगळे म्हणायचे आहे. १९९४ मध्ये स्पेनमधील सलामांका येथे ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी मान्य केलेल्या जाहीरनाम्यात सर्वांना सामावून घेणाऱ्या सर्वसाधारण शाळांचाच पुरस्कार आहे. आहे त्या शाळेतच प्रशिक्षित विशेष शिक्षकाचा रोजचा तास मिळत असेल, तर मुलाला उचलून दुसरीकडे नेण्याचे कारण उरत नाही. अर्थात तो तास वेळापत्रकात छापलेला असणे आणि प्रत्यक्षात होणे यांत अंतर असते, हे मीही जाणतो.

प्रश्नकर्त्याची पुढील नोंद:

सर्वांचा आभारी आहे. आमच्या शाळेत असा तास कागदावरही नाही. काल त्या छोट्या शाळेत वाचनाच्या तासाला बसून आलो. एक मुलगी ‘पुस्तक’ या शब्दावर अडली, तेव्हा बाईंनी पुठ्ठ्याच्या तुकड्याने ‘पु’ सोडून बाकीचा शब्द झाकला आणि मग तुकडा हळूहळू उजवीकडे सरकवला. शब्द पूर्ण व्हायला मिनिटभर लागला, पण तो तिने स्वतः वाचला. गेल्या पाच वर्षांत किती मुले नेहमीच्या शाळेत परतली आणि त्यांचे विज्ञान कितपत झाले होते, हे मी मुख्याध्यापिकांना लेखी विचारले आहे. ते उत्तर येईपर्यंत प्रवेश अर्ज भरून घरीच ठेवला आहे.