आईबरोबर ग्लासगो: काय बघावं, शाल कुठे घ्यावी?

प्रश्न: ऑगस्टमध्ये आईला घेऊन ग्लासगोला जातेय. तिला चित्रांची आवड, मला लोकरीची शाल हवी आहे. तिला फार चालवत नाही. काय सुचवाल?

उत्तर: केल्विनग्रोव्ह संग्रहालय चुकवूच नका! १९०१ सालची लाल दगडाची देखणी इमारत, प्रवेश मोफत. दालीने काढलेलं क्रूसावरच्या ख्रिस्ताचं चित्र तिथे आहे. दृश्य थेट वरून पाहिलेलं. माझा तर त्याच्यासमोरून पाय निघेना. दुपारी पाइप ऑर्गन वाजवतात, तेव्हा आईंना निवांत बसता येईल. सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, १८९६ पासूनची, गोलाकार, स्थानकं फक्त १५. पण बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही, त्यामुळे आईंसाठी बसच बरी.

उत्तर: शालीसाठी बुकॅनन स्ट्रीट. रस्ता पादचाऱ्यांसाठीच आहे. लेबल नीट वाचा, स्कॉटिश नक्षीच्या स्वस्त शाली बऱ्याचदा ॲक्रिलिकच्या असतात. आणि व्हॅट परत मिळेल असं धरून चालू नका. पर्यटकांसाठीची ती सवलत २०२१ पासून बंद आहे.

प्रश्नकर्ती: व्हॅटचं बरं सांगितलंत, मी तो हिशेबात धरला होता. रविवारी जुना बाजार असतो का?

उत्तर: हो, बॅरस. शनिवार-रविवार भरतो.