समुद्रावर जाणारी पाखाडी रात्री गेट लावून बंद करावी का?

खालचीआळी:
नमस्कार मंडळी, आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी किनाऱ्याला. रस्त्यावरून समुद्रावर उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आमच्या आणि शेजाऱ्यांच्या वाडीच्या मधून जाते, दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आणि मधे जेमतेम सहा फूट जागा. पूर्वी तिथून आळीतली माणसं, मासे घेऊन येणाऱ्या बायका आणि भाद्रपदात गणपती एवढंच जायचं. आता शनिवार-रविवार आला की रात्री एक-दीडपर्यंत आरडाओरडा, सकाळी पायऱ्यांवर बाटल्यांच्या काचा. डिसेंबरात तर एकाने बाइक पायऱ्यांवरून खाली घातली आणि शेजारच्या आजींना घासून गेला, नशीब की त्या गडग्याला टेकल्या. आणि विसर्जनाला माझ्या दिरांचा पाय शेवाळावरून सटकला, डोक्यावर पाट, पाटावर मूर्ती, मागच्या दोघांनी धरलं म्हणून मूर्ती वाचली पण दिरांचा गुडघा फुटला. आता आळीत वर्गणी काढून लोखंडी गेट लावायचं चाललंय, संध्याकाळी सात ते सकाळी सहा कुलूप. मला आजींची काळजी आहे पण कुलूप लावणं मनाला पटत नाहीये. कुणाकडे असा प्रश्न आला असेल तर काय केलंत ते सांगा.

होडीवाला:
ताई, कुलूप नका लावू. आम्ही भरती बघून होडी काढतो, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज पहाटे तीनला गेलो तर चार दिवसांनी सहा वाजून जातात. किल्ली कुणाच्या घरी ठेवणार आणि रात्री अडीचला कुणाला उठवणार? दुसरं म्हणजे कुणी बुडायला लागलं तर दोर, टायर, माणसं सगळी त्याच वाटेने धावतात. आमच्याकडे एकदा संध्याकाळी पोरगा ओढला गेला तेव्हा पाखाडीच्या तोंडाशी कुणीतरी गाडी आडवी लावलेली, ती हलवेपर्यंत जी पाच मिनिटं गेली ती अजून आठवतात. पोरगा वाचला, पण थोडक्यात.
बाइकसाठी आम्ही वरच्या तोंडाला दोन आडवे पाइप लावलेत, एक डावीकडून एक उजवीकडून, मधून वळसा घालून माणूस जातो, डोक्यावर टोपली असली तरी जातो, बाइक वळत नाही. एक पाइप काढता येईल असा ठेवलाय, विसर्जनाला आणि स्ट्रेचर न्यायचं असेल तेव्हा काढायचा, नुसती खिट्टी आहे, कुलूप नाही.

चिरेखाण:
शेवाळाचं बोलतो. पायऱ्यांवर सिमेंट घोटून गुळगुळीत करू नका, ते दिसायला छान पण पहिल्या पावसातच घसरगुंडी होते. जांभ्याचा चिरा उघडा ठेवा आणि गवंड्याला सांगून वरून टाके मारून खरखरीत करून घ्या. पायरीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी साचत नाही. श्रावण संपायच्या आत एकदा ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं, आमच्या आळीत सगळे मिळून करतात, दोन तासांचं काम. एका बाजूला हाताला धरायला पाइप लावाच, म्हातारी माणसं त्याच्याच आधाराने उतरतात. आणि गडग्याच्या भोकांमधे फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं, पायऱ्यांवर पडलेल्या झावळ्या आणि पालापाचोळा रोजच्या रोज काढा.

सुरूबन:
वर लाइटचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय, कारण गेट रद्द झालं की पुढची मागणी हमखास मोठ्या हॅलोजनची असते. आपल्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं पंचेचाळीस ते साठ दिवसांनी बाहेर पडतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे चालायला लागतात. रात्री मोकळा समुद्र जमिनीपेक्षा उजळ दिसतो म्हणून ती बरोबर पाण्याकडे जातात, पण वाडीकडे पांढरा दिवा असला तर उलटी फिरतात. मी एका सकाळी पिल्लांच्या पावलांच्या रेघा पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, थेट एका बंगल्याच्या कंपाउंडपर्यंत गेलेल्या बघितल्यात, तीन पिल्लं वाळून गेली होती. आपल्याच जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून लोकांनी घरटी राखली आणि ते बघायला आज लांबून माणसं येतात, ते सगळं एका दिव्याने घालवू नका. लाइट हवाच, पण गुडघ्याएवढ्या उंचीवर, पिवळसर, वरून झाकलेला, पायरीवर पडेल असा. समुद्राकडच्या शेवटच्या दहा-पंधरा पायऱ्यांना तर नकोच, तिथे टॉर्च पुरतो.

पाणंद:
मी गोव्यातून. गेट लावायच्या आधी भूमी अभिलेखमधून गावनकाशा काढा, पायवाट तुटक रेषेने दाखवलेली असते. वाट सार्वजनिक असेल तर आळीने ठराव केला म्हणून ती बंद करता येत नाही, कुणी तक्रार केली तर प्रांताधिकारी अडथळा काढायला लावू शकतात, पूर्वी त्यासाठी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १३३ होतं ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ झालंय. आमच्याकडे दोना पावलाला वायंगिणीच्या किनाऱ्यावर जायची वाट हॉटेलच्या बांधकामाने अडली होती, ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २००९ मध्ये निकाल लोकांच्या बाजूने लागला, वाट मोकळी ठेवायला सांगितली. तेव्हा वर्गणी गेटवर घालवण्यापेक्षा पायऱ्यांवर घाला.

गडग्यापलीकडे:
सगळ्यांचं बरोबर आहे पण वाटेला लागून राहणाऱ्याचंही ऐका. रात्री दोनला खिडकीखाली बाटली फुटते तेव्हा कायदा आठवत नाही. माझी मुलगी दहावीत आहे, वीकेंडला तिचा अभ्यास होत नाही. आम्ही शेवटी आळीतल्या होमस्टेवाल्यांना बसवून ठरवलं की आपला पाहुणा रात्री दहानंतर गोंधळ करत असेल तर ज्याचा पाहुणा त्याने जाऊन उठवायचं. सुरुवातीला कुरकुर झाली, आता बरंच शांत आहे. काचेसाठी वर-खाली दोन ड्रम ठेवलेत, ते कोण रिकामे करणार याच्या पाळ्या लावल्यात, नाहीतर ड्रमच उकिरडा होतो.

खालचीआळी:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. होडीवाले दादा, पाइपांमधे अंतर किती ठेवलंत आणि पाइप कुठल्या मापाचे तेवढं सांगा, रविवारी आळीची बैठक आहे. सुरूबन ताई, तुमचा मेसेज मी बैठकीत वाचून दाखवणार आहे, हॅलोजनचं कोटेशन खरंच आलेलं आहे.