खानदेशच्या उन्हात स्वस्त डॅशकॅम: घ्यावा की नाही?

धागालेखक, जळगाव

मोटारीला डॅशकॅम (गाडीतून समोरचा रस्ता सतत चित्रित करणारा कॅमेरा) बसवण्याचा विषय निघाला की चर्चा लगेच ‘टू-के की फोर-के’ यावर येऊन थांबते. माझे मत वेगळे आहे. तीन ते पाच हजार रुपयांत कॅमेरा घेणाऱ्याने चित्राची स्पष्टता नंतर पाहावी. तो उन्हात टिकेल का, हे आधी पाहावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणे आपल्याला नवे नाही, आणि काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पुढच्या काचेलगतची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. लिथियम बॅटरीला ती मानवत नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी दुसऱ्याच उन्हाळ्यात इतकी फुगली, की मागच्या कवचाची शिवण उकलली आणि पडदा एका कडेने वर उचलला गेला. म्हणून बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवणारा, उष्णता अधिक सोसणारा भाग) असलेलाच कॅमेरा घ्यावा. त्यात वीज फार साठत नाही. पण गाडी बंद होताच चालू असलेली फाइल नीट जतन करण्यापुरती ती पुरते, आणि डॅशकॅमला त्याहून अधिक नको असते.

दुसरा खर्च मेमरी कार्डाचा. सतत पुसून पुन्हा लिहिले जाणारे चित्रीकरण साधे कार्ड लवकर निकामी करते, त्यामुळे ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचेच कार्ड घ्यावे. फुल एचडी चित्रीकरण ६४ जीबीमध्ये साधारण आठ-दहा तासांचे मावते. एवढे सांभाळले तर स्वस्त कॅमेरा अवश्य घ्यावा, असे मी ठामपणे म्हणतो.

प्रतिसाद, चोपडा

दादा, उष्णतेचा मुद्दा मान्य. निष्कर्ष मात्र मान्य नाही. मी चोपडा-यावल-रावेर रस्त्यावर नेहमी रात्री गाडी चालवतो. केळीच्या हंगामात मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, अशी ट्रॉली अंधारातून अचानक समोर येते, आणि समोरून येणाऱ्या मालमोटारीचा झोत थेट डोळ्यांवर असतो. अशा वेळी स्वस्त कॅमेऱ्यात नंबरप्लेटच्या जागी नुसता पांढरा डाग उमटतो. धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबरच वाचता येत नसेल, तर ते चित्रीकरण घेऊन पोलीस ठाण्यात काय सांगायचे? शिवाय कॅमेरा आहे म्हणून माणूस निर्धास्त होतो, ते वेगळेच. चार हजार रुपये हाताशी असतील तर आधी झिजलेले टायर बदलावेत आणि हेडलाइटचा कोन नीट करून घ्यावा.

प्रतिसाद, धुळे (मोटार अपघात दाव्यांचे काम पाहणारे वकील)

भाऊंचा नंबरप्लेटचा मुद्दा खरा आहे, पण अपघाताच्या दाव्यात वाद बहुतेक वेळा निराळाच असतो. दोन्ही गाड्या जागेवरच सापडलेल्या असतात. प्रश्न असतो तो कोण कोणत्या बाजूला होते, कोणी वळताना दिवा दाखवला नाही, ब्रेक कधी लागला याचा. हे साध्या फुल एचडीमध्येही दिसते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनुसार नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो आणि तेवढ्या काळात साक्षीदार पांगतात. चित्रीकरण मात्र, योग्य रीतीने जपले तर, तसेच राहते.

‘योग्य रीतीने’ हे मी मुद्दाम म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमधून गणिताने काढलेला, फाइल जराही बदलली की बदलणारा अंक-अक्षरांचा संकेत) नोंदवावे लागते. व्हॉट्सअॅपवरून फिरवलेली फाइल दाबून लहान केली जाते, त्यामुळे ती मूळ फाइलशी जुळत नाही. अपघातानंतर कॅमेरा बंद करून कार्ड काढून घ्यावे आणि ते पुन्हा वापरू नये. नाहीतर पुढच्या काही तासांच्या वापरात जुन्या चित्रीकरणावर नवे चढते. घड्याळही वरचेवर तपासावे, कारण जीपीएस नसलेल्या स्वस्त कॅमेऱ्यांची वेळ सरकते आणि चुकीच्या तारखेचे चित्रीकरण समोरच्या वकिलाच्या पथ्यावर पडते. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या: जीपीएस असेल तर तुमचा स्वतःचा वेगही त्याच चित्रावर उमटतो.

प्रतिसाद, नंदुरबार

वकीलसाहेब, पुराव्याचे ठीक. पण हेच चित्रीकरण लोक गावच्या गटांवर टाकतात, त्याचे काय? अपघातात पडलेल्या बाईचा चेहरा आणि गाडीत बसलेल्यांचे बोलणे तासाभरात सगळ्या तालुक्यात पोहोचते. माझ्या मते कॅमेऱ्यातील ध्वनिमुद्रण बंदच ठेवावे आणि चित्रीकरण पोलीस, विमा कंपनी व न्यायालय यांच्यापलीकडे कोणालाही देऊ नये. हे पाळायचे नसेल तर कॅमेरा न घेतलेला बरा.

प्रतिसाद, धुळे (मोटार वायरिंगचे काम करणारे)

ताईंचे म्हणणे पटते. मी बसवण्याबद्दल बोलतो, कारण निम्मे कॅमेरे चुकीच्या जागी बसवलेले असतात. जागा आतल्या आरशाच्या मागे, काचेच्या ज्या भागावर वायपर फिरतो तिथे. नव्या गाडीत तिथे कंपनीचा सेन्सर किंवा कॅमेरा असेल तर त्याला आड येऊ देऊ नये. रबरी सक्शन आमच्या उन्हात सुटते आणि कॅमेरा वायरीला लोंबकळतो, म्हणून चिकटपट्टीच घ्यावी, आणि ती सकाळी गार, स्पिरिटने पुसलेल्या काचेवर दाबून लावावी.

वायर छताच्या कडेने आत सारून बाजूच्या खांबातून खाली उतरवतात. ज्या गाडीत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे, तिथे वायर एअरबॅगच्या मागूनच न्यावी लागते. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना ती आड येते. वीज फ्यूज टॅप (वायर न कापता फ्यूजच्या जागी बसणारा जोड) लावून फ्यूज बॉक्समधून घ्यावी. कंपनीची वायर सोलून जोड देणारा कारागीर असेल, तर गाडी त्याच्याकडे देऊ नये.

प्रतिसाद, चोपडा

फ्यूज बॉक्सला हात लावला की वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटरवाले हुज्जत घालतात. लायटरच्या सॉकेटमध्ये चार्जर लावला की काम भागत असताना एवढा उपद्व्याप कशासाठी?

प्रतिसाद, धुळे (मोटार वायरिंगचे काम करणारे)

गाडी चालू असतानाचेच चित्रीकरण हवे असेल तर सॉकेट पुरेसे आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याला मीही तेच सुचवतो. फ्यूजमधून कायम वीज लागते ती पार्किंग मोडसाठी, म्हणजे बंद करून उभ्या केलेल्या गाडीतही चित्रीकरण चालू ठेवण्यासाठी. कॅमेरा पाव अँपिअर खातो असे धरले, तरी दिवसाला सहा अँपिअर-तास जातात. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. तीन दिवस गाडी उभी राहिली तर निम्मी संपली. म्हणून व्होल्टेज १२.२ च्या आसपास उतरताच वीज तोडणारे हार्डवायर किट लागते.

धागालेखक, जळगाव

रात्री नंबर वाचता येत नाही, हे चोपड्याच्या भाऊंचे म्हणणे मी मान्य करतो. टायर झिजले असतील तर ते आधी बदलावेत, यातही दुमत नाही. परंतु वकीलसाहेबांनी सांगितले त्यावरून स्वस्त कॅमेराही पुरेसा आहे, हे माझे मत अधिक पक्के झाले. पार्किंग मोडला मात्र माझा आपल्याकडे विरोधच राहील: भर उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा दिवसभर चालू ठेवला, तर सुपरकपॅसिटर असूनही आतला प्रोसेसर आणि कार्ड तापून बंद पडते. उन्हाळ्यात गाडी उघड्यावर लावणाऱ्याने सॉकेटवरच भागवावे.

धक्क्याच्या सेन्सरबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून सांगतो. तो ‘कमी’ वर ठेवावा. ‘जास्त’ वर ठेवला तर खड्ड्यांच्या रस्त्यावर प्रत्येक आदळ्याला फाइल कुलूपबंद होते, म्हणजे आपोआप पुसली जात नाही, आणि अशा फाइलींनी कार्ड भरले की काही कॅमेरे पुढचे चित्रीकरण थांबवतात.

प्रतिसाद, चोपडा

धक्क्याच्या सेन्सरचे ठाऊक नव्हते. तरी रात्रीच्या प्रवासासाठी मी दोन हजार जास्त घालून चित्र टिपणारा सेन्सर चांगला असलेला कॅमेराच घेईन. नंबर दिसणे माझ्या रस्त्यावर गरजेचे आहे.